जिथवर भरती चढते

मुंबई-गोवा महामार्गावरून जाणारी बरीचशी मंडळी महाडला वळतात ती रायगडासाठी. रोपवेने वर जायचे, राजसदर, होळीचा माळ, जगदीश्वर, महाराजांची समाधी पाहायची आणि ऊन कलायच्या आत खाली उतरायचे. पोलादपूर तर त्यांच्या लेखी एक फाटाच: डावीकडे महाबळेश्वर, सरळ कशेडी. गडापुढे हात जोडले जातात, पण गडाखालचा मुलूख बघायचा राहून जातो. हे दोन तालुके नीट पाहायचे तर इथल्या पाण्याचा माग धरून हिंडावे, असे माझे ठाम मत आहे.

महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री घाट उतरून पोलादपुरात येते, महाडला गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी दासगाव ओलांडून महाडपर्यंत चढते. महाडचे सारे महत्त्व याच एका गोष्टीत आहे. गलबते भरतीबरोबर वर यायची, माल बंदरात उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर लादून घाटवाटांनी देशावर जायचा. समुद्राची वाट जिथे संपते आणि घाटाची सुरू होते, तिथे पेठ वसणारच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या सागरप्रवासाच्या पुस्तकात चौलच्या दक्षिणेकडच्या बंदरांमध्ये ‘पालाइपाटमाय’ हे नाव येते. काही अभ्यासकांच्या मते ते महाडजवळचे पाले.

त्याच पाल्याच्या डोंगरात, महामार्गाला लागूनच, गांधारपाले लेणी आहेत. सुमारे तीस लेण्यांचा हा बौद्ध समूह. पायऱ्या चढून गेले की खाली नदीचे वळण आणि महाडची वस्ती एका नजरेत येते, आणि भिक्षूंनी हीच जागा का निवडली ते उमगते. खाली व्यापाऱ्यांची ये-जा, वर विहार. इथल्या एका ब्राह्मी लेखात काणभोअ विष्णुपालित या राजकुमाराचे दान कोरले आहे. त्याने काय काय दिले, तर लेणे, चैत्यगृह, भिक्षूंसाठी आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची एकेक पोढी (म्हणजे टाके) आणि लेण्याला जोडणारी वाट. पोढ्या आणि वाट यांचीही त्याने मोजून नोंद केली, हे मला फार मोलाचे वाटते. पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या डोंगरावर फाल्गुनानंतर घोटभर पाणी किती दुर्मीळ होते, हे देणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

रायगडावर हीच जाण आणखी मोठ्या प्रमाणावर दिसते. 1656 मध्ये जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाल्यावर रायरीचा हा डोंगर शिवाजी महाराजांच्या हाती आला. समुद्रसपाटीपासून 800 मीटरांहून उंच असलेल्या त्या माथ्यावर राजधानी उभी करायची, तर पहिला प्रश्न पाण्याचाच होता. जगदीश्वराच्या देवळातल्या संस्कृत शिलालेखात हिरोजी इंदुलकरांनी बांधलेल्या गोष्टींची जी यादी आहे, तिच्यात महालांबरोबर विहिरी आणि तळीही मानाने येतात. 6 जून 1674 चा राज्याभिषेक आठवताना सिंहासन डोळ्यांपुढे येते. त्या सोहळ्याला जमलेल्या हजारोंची तहान भागवणारा गंगासागर तलाव मात्र लोक छायाचित्र काढून मागे टाकतात. गडाखाली पाचाडला जिजाऊसाहेबांचा वाडा आणि समाधी आहे. वाड्यात तक्क्याची विहीर आहे. तिच्या काठावर टेकून बसायला दगडी बैठक घडवलेली आहे. पाण्याला येणाऱ्या बायाबापड्यांशी महाराज तिथे बसून बोलत, असे पाचाडात आजही सांगतात. गड पाहायला येणाऱ्यांनी इथे दहा मिनिटे तरी थांबावे. जुलै 2025 मध्ये रायगड आणि शेजारचा प्रतापगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. आता गर्दी वाढेल आणि ती पुन्हा माथ्यावरच थांबेल, अशी मला धास्ती वाटते.

महाडची पेठ पुढेही महत्त्वाची राहिली. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पराभव केल्यावर दुसरे बाजीराव पळाले ते रायगड-महाडमार्गेच सुवर्णदुर्गाकडे आणि तिथून वसईला. घाट आणि समुद्र जोडणारी वाट पळणाऱ्यालाही सोयीची पडली.

पण या पेठेची खरी कहाणी चवदार तळ्याची आहे. बाजाराला, कोर्टकचेरीला, पेन्शन उचलायला आसपासच्या खेड्यांतून माणसे महाडात येत. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक पुष्कळ होते. या भागात लष्करातून निवृत्त झालेल्या महार शिपायांची परंपरा मोठी. अस्पृश्यतेवर लेखणी चालवणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक, गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे आणि तेही पलटणीत नोकरी केलेले. अशा माणसांनी मैलोन्‌मैल चालत गावात यायचे आणि तळे समोर असताना तहानलेल्या घशाने परतायचे, हा रोजचा अपमान होता. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे याच भोगातून गेलेले. महाडात परिषद भरवावी म्हणून त्यांनी डॉ. आंबेडकरांना गळ घातली. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव 1923 मध्येच झाला होता, आणि सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. पण ते कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठली आणि परिषदेहून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. नंतर तळ्यात पंचगव्य ओतून ‘शुद्धी’ केली गेली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. 25 डिसेंबरला महाडातच मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च 1937 मध्ये, म्हणजे एका ओंजळीसाठी दहा वर्षे गेली. रायगड पाहून चवदार तळे न पाहता जाणाऱ्याला महाडचा निम्मा इतिहास कळलेला नसतो.

महाडहून वर निघाले की मुलूख दाटतो. काळ नदीत वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे मानतात, कोणी धरत नाही. पुढे शिवथरची घळ. समर्थांचे दासबोध-लेखनाचे हे स्थान शंकरराव देवांनी शोधून काढले. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशीच धबधबा कोसळतो. पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. फेब्रुवारी 1670 मध्ये सिंहगडावर पडलेल्या या वीराचा देह मढे घाटाने खाली आणला, असे परंपरा सांगते. आणि पोलादपुरातच ‘शिवभारत’कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी आहे. शिवचरित्राचा अभ्यास करणाऱ्यानेही तिकडे वाट वाकडी करू नये, याचे मला वाईट वाटते.

याच पाण्याने इथे घरेदारे नेलीही आहेत. 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे डोंगर घसरले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. 22 जुलै 2021 ला तळियेची वाडी दरडीखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसे दगावली. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस झेलणाऱ्या पोलादपूरच्या वाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो. काणभोअ विष्णुपालिताला जे सुचले, ते आपल्या योजनांना अजून पुरते जमलेले नाही.

जायचे असेल तर दिवाळीनंतर जावे. नद्यांना तेव्हा पाणी असते आणि वाटा सुकलेल्या असतात. भर पावसाळ्यात वरंध आणि आंबेनळी या दोन्ही घाटांत दरडींचे भय, रस्ता अनेकदा बंदही असतो. पहिला मुक्काम महाडात करावा, सकाळी गांधारपाले आणि तळे पाहावे, दुसरा दिवस पाचाड आणि गडाला द्यावा, तिसऱ्या दिवशी पोलादपूर-उमरठ करून आंबेनळीने वर चढावे. तळ्याकाठची माणसे पाहायची असतील, तर 20 मार्चची तारीख धरावी. त्या दिवशी महाराष्ट्रभरातून लोक येतात, म्हणून राहण्याची सोय आधीच करून ठेवावी.