थेंब थांबवतो तो फ्लॅश

पाण्याच्या थेंबाचा, उसळलेल्या मुकुटाचा फोटो पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा कुठला? सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात उघडझाप करणारं शटर असल्याशिवाय हे जमायचं नाही, असा समज पक्का बसलाय. खरं तर असे कितीतरी फोटो १/२०० सेकंदाच्या साध्या शटर स्पीडवर काढलेले असतात.

हिशेबच करून पाहा. ४० सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब पाण्याला भिडताना सेकंदाला सुमारे २.८ मीटर वेगाने येतो. १/२०० सेकंदात तो १४ मिलिमीटर सरकतो. फोटोत नुसता फराटा उमटेल. पण खोली अंधारी केली, तर शटर उघडं असूनही फोटो उमटतो तो फ्लॅश लखलखतो तेवढ्याच क्षणाचा. सुट्या फ्लॅशची ताकद १/६४ किंवा १/१२८ वर उतरवली की तो लखलखाट साधारण १/२०,००० सेकंद टिकतो. तेवढ्यात थेंब जेमतेम ०.१४ मिलिमीटर हलतो.

म्हणून ‘फ्लॅश पूर्ण ताकदीने मारा’ हा सल्ला इथे घातक आहे. पूर्ण ताकदीवर तोच फ्लॅश कितीतरी पट जास्त वेळ रेंगाळतो आणि कडा पुसट होतात. ताकद कमी ठेवा आणि फ्लॅश जवळ आणा. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे एलईडी, त्याच्याकडून हे काम होत नाही. मोबाइलवाल्यांनी सरळ दुपारचं कडक ऊन गाठावं.

थेंब एकाच जागी पडायला हवा. यासाठी मेडिकलच्या दुकानातला सलाईनचा नवा सेट मला सगळ्यात आवडतो: चाक फिरवलं की थेंबांची लय हवी तशी बसते. थेंब पडतो तिथे पेन आडवं धरून हाताने फोकस लावायचा, मग पेन काढून घ्यायचं. ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नये.

भांडं कुठलंही चालतं, हाही गैरसमजच. सुंदर मुकुट हवा असेल, तर ताटलीत पाण्याचा किंवा दुधाचा अगदी पातळ थर घ्या. अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकवणाऱ्या हॅरल्ड एजर्टन यांचा १९५७ मधला दुधाच्या मुकुटाचा प्रसिद्ध फोटो अशाच पातळ थरावरचा आहे. खोल भांड्यात वेगळंच नाट्य घडतं. थेंब आधी पाण्यात वाटीसारखा खळगा पाडतो, खळग्याच्या भिंती आत कोसळतात आणि मधून एक खांब उसळतो, टोकावर गोल मणी घेऊन. या खांबावर दुसरा थेंब आदळला की छत्री उमलते. ती पुन्हापुन्हा मिळवायची, तर मात्र टायमरवर चालणारा व्हॉल्व्ह लागतोच.

मुकुट चहूबाजूंनी सारखा नसेल तर फोटो फसला, असं मानणाऱ्यांनी आर्थर वर्दिंग्टन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट ऐकायलाच हवी. त्यांनी अंधारात ठिणगीच्या उजेडात थेंब पाहून वर्षानुवर्षं हाताने चित्रं काढली, सगळी कशी रेखीव आणि समतोल. १८९० च्या दशकात प्रत्यक्ष छायाचित्रं मिळू लागली, तेव्हा मुकुट वाकडेतिकडे, कुठे तुटके निघाले. डोळ्यांना दिसलेला ओबडधोबडपणा आपण अपवाद समजून बाजूला टाकत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. वाकडा मुकुट डिलीट करण्याआधी हे आठवावं.

थेंब वर निमुळता आणि खाली गोल असतो, ही कल्पना चित्रांच्या पुस्तकांतली. निमुळतं टोक फक्त नळीपासून सुटताना दिसतं. पडणारा छोटा थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ गोलच असतो.

रंगासाठी पाण्यात काही मिसळायची गरज नसते. मागे रंगीत कागद लावून फ्लॅशचा उजेड त्यावर पाडला की तोच रंग पाण्यात उतरतो. आणि थेंब हे भिंगच असल्यामुळे मागे ठेवलेलं फूल त्यात उलटं दिसतं. थेंबातलं फूल सरळ हवं असेल, तर मागचं फूल उलटं टांगायचं.