आरशात उलटणारे बाण

तिरप्या अक्षांवर सदिश कसा मांडायचा, हे या आठवड्यात सांगायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो आहे, कारण एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. पान्याने नट आवळताना जोर पान्याच्या दांड्याला आडवा लागतो आणि नट गोल फिरतो. मग पुस्तकात बल-आघूर्णाचा बाण बोल्टच्या रेषेत का काढतात? त्या दिशेने तर कोणी ढकलतही नाही आणि ओढतही नाही. ‘उजव्या हाताचा नियम तसा आहे म्हणून’ असे बहुतेक पुस्तके सांगतात, पण याला उत्तर म्हणायचे तर हुकूम कशाला म्हणायचे? त्या हुकमाच्या आड एक मोठी काटकसर दडलेली आहे. भौतिकशास्त्राने दोन निराळ्या जातींच्या राशी एकाच आकृतीने, म्हणजे बाणाने, दाखवल्या आहेत. ‘मान आणि दिशा असलेली राशी म्हणजे सदिश’ ही व्याख्या बेरजेच्या परीक्षेत कशी घसरते, ते मोठ्या वलनांच्या निमित्ताने आपण दोन आठवड्यांपूर्वी पाहिले. पण बेरजेच्या परीक्षेत सरळ उत्तीर्ण होणाऱ्या राशींमध्येही दोन जाती उरतात, आणि त्या ओळखायला आरसा लागतो.

आधी एक आक्षेप निकालात काढू. कोणी म्हणेल, नट नुसता गोल फिरत नाही, तो बोल्टवर पुढे सरकतो आणि बरोबर बाणाच्या दिशेनेच सरकतो. म्हणजे त्या दिशेला काहीतरी जातेच की! जाते खरे, पण ते आट्यांमुळे. आटे उजवे पाडायचे ही कारखान्यातली सोय आहे, निसर्गाची सक्ती नाही. सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालवता चालवता पेडल सैल होऊन निघायचे. तिथे त्याच आघूर्णाने पेडल बाणाच्या विरुद्ध दिशेने सरकते. आघूर्ण तेच आणि सरकण्याची दिशा उलट. तेव्हा सरकण्यावरून आघूर्णाला दिशा चिकटवता येत नाही. आघूर्णाजवळ स्वतःचे असे तीनच ऐवज आहेत: किती जोराने, कोणत्या प्रतलात आणि त्या प्रतलात कोणत्या बाजूने वळवायचे. बोल्टच्या रेषेतला बाण हा त्या प्रतलाचा पत्ता सांगण्याची एक युक्ती आहे.

आता छताच्या पंख्याकडे पाहा. आपल्याकडचा पंखा खालून पाहिला तर बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. उजव्या हाताची बोटे त्या फिरण्याच्या बाजूने वळवली की अंगठा खाली येतो, म्हणजे कोनीय वेगाचा बाण खाली. वाराही खालीच येतो, म्हणून हवेच्या वेगाचा बाणही खाली. कागदावर दोन्ही बाण हुबेहूब सारखे. भिंतीवर मोठा आरसा असेल तर त्यात पंख्याचे प्रतिबिंब पाहा. आरशातला वारा खालीच वाहतो. उभ्या आरशाने वर-खाली बदलत नाही. पण आरशातला पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आहे. त्याला उजवा हात लावला तर अंगठा वर जातो. एक बाण जागच्या जागी राहिला आणि दुसरा उलटा झाला. आता आरसा भिंतीवरून काढून जमिनीवर ठेवा, किंवा चकचकीत फरशीत पाहा. आता वाऱ्याचा बाण वर होतो, पण फिरण्याची बाजू आडव्या प्रतलात जशीच्या तशी राहते, म्हणून कोनीय वेगाचा बाण खालीच. दोन्ही वेळा या बाणांनी एकमेकांच्या नेमके उलट वर्तन केले. विस्थापन, वेग, बल, विद्युतक्षेत्र हे वाऱ्याच्या बाणासारखे वागतात. त्यांना ध्रुवीय सदिश म्हणतात. कोनीय वेग, कोनीय संवेग, आघूर्ण आणि चुंबकीय क्षेत्र हे पंख्याच्या फिरण्यासारखे वागतात. ते अक्षीय सदिश. नुसते अक्ष फिरवले तर दोघांचे घटक एकाच नियमाने बदलतात, आणि वर्गात आपण अक्ष फिरवण्यापलीकडे सहसा जात नाही, म्हणून हा भेद कधी समोर येत नाही.

इथे चाणाक्ष वाचक अडवेल. आरशात उजवा हात डावा होतो, तर आरशातल्या पंख्याला डावाच हात लावा. बाण उलटणार नाही आणि सगळा घोळ मिटेल. अगदी खरे. पण या युक्तिवादाने माझीच बाजू पक्की होते. हात बदलला की बाणाचे टोक बदलते, याचा अर्थ ते टोक पंख्यात नव्हतेच, ते आपल्या हातात होते. वाऱ्याची दिशा सांगायला कोणताही हात लागत नाही; कागदाचा कपटा सोडला की झाले. मग उद्यापासून साऱ्या जगाने डाव्या हाताचा नियम पाळायचे ठरवले तर यंत्रे उलटी चालतील का? मुळीच नाही. विद्युतप्रवाहावरून चुंबकीय क्षेत्र काढताना हात एकदा वापरावा लागतो, आणि त्या क्षेत्रावरून दुसऱ्या तारेवरचे बल काढताना पुन्हा एकदा. दोन्ही वेळा डावा हात वापरला तर क्षेत्राचा बाण उलटतो, पण बल तेच येते. एकाच दिशेने प्रवाह वाहणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात, हे आँपेरने १८२० मध्येच दाखवले होते आणि ते पाहायला त्याला कोणत्याही अंगठ्याची गरज पडली नाही. हात दोनदा आला की निघून जातो.

यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप होकायंत्राचा आहे. चुंबकसूची तर डोळ्यांना दिसते, तिच्या एका टोकाला रंग लावलेला असतो, ती ठाम एका दिशेला वळते. हा बाण कागदावरचा कसा म्हणायचा? इथे कोपनहेगनच्या ओर्स्टेडचा प्रयोग बारकाईने पाहण्यासारखा आहे. २१ जुलै १८२० या तारखेच्या चार पानी लॅटिन पुस्तिकेत त्याने तो जाहीर केला. सूची उत्तर-दक्षिण स्थिरावली आहे. तिच्या वर, तिला समांतर अशी एक तार धरली आहे. तारेतून दक्षिणेकडून उत्तरेकडे प्रवाह सोडला की सूचीचे उत्तर टोक पश्चिमेकडे सरकते. आता तार आणि सूची या दोघींना सामावणारे उभे प्रतल डोळ्यांसमोर आणा आणि तिथे आरसा आहे असे समजा. तार त्याच प्रतलात, प्रवाह त्याच प्रतलात, सूचीही त्याच प्रतलात. या मांडणीत डावे-उजवे काही नाहीच. पूर्वेची आणि पश्चिमेची बाजू तंतोतंत सारखी. मग सूचीने पश्चिमच का निवडावी? एर्न्स्ट माखने यामिकीवरच्या आपल्या १८८३ च्या ग्रंथात नेमक्या याच प्रयोगाने बुद्धीला बसणाऱ्या धक्क्याची नोंद केली आहे. समतोल तराजू कोणत्याही बाजूला कलत नाही, हे आपण आर्किमिडीजच्या काळापासून न तपासता मान्य करतो. इथे तर समतोल दिसणारी मांडणी दर वेळी एकाच बाजूला कलते.

सुटका एकच आहे: सूची तो बाण नाही. चुंबकाच्या आत सूक्ष्म प्रवाह गोल फिरत असावेत, हा तर्क आँपेरचाच. आज आपण तिथे इलेक्ट्रॉनांचे कोनीय संवेग आणि फिरकी पाहतो. म्हणजे सूची ही पंख्यांची एक रांग आहे, आणि त्या पंख्यांची पाती आपल्या कल्पनेतल्या उभ्या प्रतलाला आडवी छेदतात. त्या प्रतलातल्या आरशात टोकाचा रंग जिथल्या तिथे दिसेल, पण आतले फिरणे उलटेल आणि रंगवलेले उत्तर टोक प्रत्यक्षात दक्षिण ध्रुव होईल. मग आरशात तेच टोक पूर्वेकडे वळताना दिसले तर त्यात गैर काही नाही, दक्षिण ध्रुवाने पूर्वेकडेच वळायला हवे. मांडणी मुळात समतोल नव्हतीच. सूचीला बाण समजल्यामुळे ती तशी भासली. पिएर क्यूरीने १८९४ मध्ये सममितीवरच्या निबंधात विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांची सममिती निराळी असल्याचे काटेकोरपणे मांडले. ओर्स्टेडनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी! इतका उशीर होण्यात बाणाच्या चित्राचा हात आहे असे मला वाटते, कारण चित्र एकदा डोळ्यांत बसले की ते शंका घेऊ देत नाही.

मग एवढे फसवे चित्र टिकले कसे? ते सोयीचे होते म्हणून, आणि ती सोय एका योगायोगावर उभी आहे. हॅमिल्टनच्या चतुर्दलांत (१८४३, डब्लिनचा कालवा आणि त्यावरचा पूल ही गोष्ट आपली झाली आहे) दोन सदिशांचा गुणाकार एकसंध होता. येल विद्यापीठातल्या गिब्जने विद्यार्थ्यांसाठी छापलेल्या टिपणांत, १८८१ आणि १८८४ मध्ये, त्याचे दोन तुकडे केले, अदिश गुणाकार आणि सदिश गुणाकार; इंग्लंडात हेविसाइडने जवळजवळ तेच केले. टेटसारखे चतुर्दलवाले चिडले, ‘नेचर’मध्ये वाद रंगला, आणि अभियंते गिब्जच्या बाजूने गेल्यामुळे निकाल लागला. सदिश गुणाकाराचे उत्तर खरे तर एक दिशा असलेला पृष्ठभागाचा तुकडा असतो. त्याच्याऐवजी त्याला लंब बाण चालतो, कारण तीन मितींत अक्षांच्या जोड्या तीन आणि अक्षही तीन. ही बरोबरी इतरत्र नाही. कागदाच्या सपाट जगात अक्ष दोन आणि प्रतल एकच, तेव्हा तिथला कोनीय वेग म्हणजे एक साधा आकडा. चार मितींत प्रतले सहा, अक्ष चारच. सहा घटक चार घटकांच्या बाणात कोंबणार कसे? १९०८ मध्ये मिंकोव्स्कीने अवकाश आणि काळ एकत्र मांडले तेव्हा हे गणित जुळले: विद्युतक्षेत्राचे तीन आणि चुंबकीय क्षेत्राचे तीन असे सहा घटक मिळून चार मितींतल्या सहा प्रतलांची एकच राशी झाली. चुंबकीय क्षेत्र पहिल्यापासून प्रतलांचेच होते. स्टेटिनचा शाळामास्तर ग्रासमन याने असे प्रतलांचे बीजगणित १८४४ मध्येच लिहून ठेवले होते; ते पुस्तक इतके कमी खपले की प्रकाशकाने उरलेल्या प्रती रद्दीत काढल्या.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. हात दोनदा येऊन निघून जातो, उत्तरे बरोबर येतात, मोटार फिरते. मग ही जातपडताळणी कशाला? १९५६ पर्यंत भौतिकशास्त्रज्ञांचेही जवळजवळ हेच मत होते. निसर्गाचा प्रत्येक नियम आरशातही तसाच लागू पडतो, हे गृहीत धरलेले होते. त्या वर्षी ली आणि यांग यांनी दाखवून दिले की किरणोत्सारी ऱ्हासामागच्या दुर्बल बलासाठी हे कोणी तपासलेलेच नाही. तपासायचे तर अशी राशी हवी जिच्यात हात एकदाच येतो, म्हणजे एक अक्षीय बाण आणि एक ध्रुवीय बाण यांची गाठ. चिएन-श्युंग वू यांनी ती गाठ कोबाल्ट-६० मध्ये शोधली. अणुकेंद्राची फिरकी अक्षीय; ऱ्हासात बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाचा वेग ध्रुवीय. भिंतीवरच्या आरशात पहिली उलटते, दुसरा तसाच राहतो. आरशातले जग खऱ्याइतकेच संभवनीय असेल तर फिरकीच्या बाणाकडे आणि त्याच्या विरुद्ध दिशेला सारखेच इलेक्ट्रॉन जायला हवेत. पाउली तर सारखेच जातील यावर मोठी पैज लावायला तयार होता.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत वू आणि तिथल्या सहकाऱ्यांनी कोबाल्टचा पातळ थर असलेला स्फटिक निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे एक शतांश अंशापर्यंत थंड केला, कारण त्याहून गरम असेल तर अणुकेंद्रे चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत ओळीने राहत नाहीत. वर ठेवलेला गणक इलेक्ट्रॉन मोजत होता. क्षेत्र एका दिशेने लावले तर नोंदी वाढल्या, उलटवले तर घटल्या, आणि काही मिनिटांत स्फटिक गरम होत गेला तसतसा हा फरक मावळला. इलेक्ट्रॉन फिरकीच्या विरुद्ध दिशेला जास्त जात होते. १९५७ च्या सुरुवातीला हे जाहीर झाले, त्याच वर्षी ली आणि यांग यांना नोबेल मिळाले आणि वू यांना मिळाले नाही. काही महिन्यांत दुर्बल बलाचे सूत्रही हाती आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून रॉचेस्टरला गेलेले सुदर्शन आणि त्यांचे मार्गदर्शक मार्शाक यांनी ते मांडले. फाइनमन आणि गेल-मान हेही त्याच सूत्राशी पोचले. त्याचे नाव ‘व्ही वजा ए’: व्ही म्हणजे ध्रुवीय सदिश, ए म्हणजे अक्षीय सदिश. एकाच जातीच्या दोन राशींची ही वजाबाकी असती तर आरशात ती अख्खी उलटली असती किंवा अख्खी तशीच राहिली असती. इथे एक पद चिन्ह बदलते आणि दुसरे बदलत नाही, म्हणून आरशात वजाबाकीची बेरीज होते. आणि ती बेरीज कोबाल्टच्या ऱ्हासात आढळत नाही.