जुन्या वाहनांच्या रेडिएटरमधील कूलंटचे दूषण : निदान आणि प्रतिबंध

प्रस्तावना

इंजिनात जळणाऱ्या इंधनातून मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शीतन यंत्रणेमार्फत बाहेर टाकावी लागते. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि इंजिनाच्या ओतीव भागातील पाण्याच्या पोकळ्या यांतून अखंड फिरणारा द्रव हे कार्य करतो. नव्या वाहनांत हा द्रव म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, शुद्ध पाणी आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण असते. जुन्या वाहनांत मात्र तो पुष्कळदा निव्वळ नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी असतो. ते तपकिरी वा तेलकट दिसू लागले की 'पाणी बदलून टाका' हा सल्ला ठरलेला. दूषित पदार्थ नेमका कोठून आला हे निश्चित केल्याशिवाय कूलंट बदलणे व्यर्थ आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांसाठी एक जुनी डिझेल गाडी वापरली जात असे. तिच्या रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसू लागला. हेड गॅस्केट गेले असे निदान होऊन हेड उतरविण्यात आले, त्याचे फेसिंग झाले, नवे गॅस्केट बसले. पंधरवड्याच्या आत तवंग पुन्हा हजर झाला. दोष ऑइल कूलरमध्ये होता. विशेष म्हणजे पाण्यात एकदाही बुडबुडे आले नव्हते आणि डिपस्टिकवरचे तेलही पहिल्या दिवसापासून स्वच्छ होते. या दोन खुणांचा अर्थ कोणी लावला नाही, म्हणून संस्थेला हेडच्या कामाचा खर्च विनाकारण सोसावा लागला.

तेलाचा तवंग : दाबाचा विचार

चालू इंजिनात तेलाचा दाब सामान्यतः ३ ते ४ बार असतो, तर कूलंटचा दाब रेडिएटरच्या झाकणाने राखलेल्या सुमारे १ बारपेक्षा फारसा अधिक नसतो. ऑइल कूलरमध्ये तेल आणि पाणी यांच्यामध्ये केवळ धातूची पातळ भिंत असते. तिला सूक्ष्म छिद्र पडले तर इंजिन चालू असताना तेल पाण्यात शिरते. पाणी तेलात जाऊ शकत नाही. इंजिन बंद झाल्यावर तेलाचा दाब तत्काळ शून्यावर येतो, परंतु तप्त कूलंटचा दाब काही काळ टिकतो. म्हणून छिद्र मोठे असेल तर उलट प्रवास होऊन डिपस्टिकवरही दुधाळ तेल दिसते. छिद्र लहान असताना दूषण एकाच बाजूला राहते.

हेड गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याची पोकळी यांच्या दरम्यान फाटले तर चित्र वेगळे असते. तेथे ज्वलनाचा वायू पाण्यात घुसतो. थंड इंजिनाचे झाकण काढून इंजिन सुरू केल्यास रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत राहतात, धुराड्यातून पांढरा धूर निघतो आणि तेलाचा तवंग मुळीच नसू शकतो. ब्रोमोथायमॉल ब्लू असलेल्या द्रावणातून रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढून घेतल्यास कार्बन डायऑक्साइडमुळे निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी स्वस्त आणि बरीच विश्वसनीय आहे. गॅस्केट तेलाच्या आणि पाण्याच्या मार्गांमध्ये फाटले तर मात्र तवंग दिसतो आणि बुडबुडे दिसत नाहीत. त्यामुळे स्वच्छ डिपस्टिक हा हेड गॅस्केट शाबूत असल्याचा पुरावा ठरत नाही. परंतु ज्या इंजिनात ऑइल कूलर आहे तेथे तो आधी तपासावा एवढे मार्गदर्शन ती निश्चित करते. ऑइल कूलर उतरविणे हेड उतरविण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

प्रत्येक वाहनात तेल आणि पाणी कोठे शेजारी येतात हे आधी माहीत हवे. स्वयंचलित गिअर असलेल्या अनेक गाड्यांत गिअरचे तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच असते. तेथे गुलाबी, दुधाळ गाळ दिसल्यास इंजिन उघडण्याचे कारण नाही. तेल भरण्याच्या झाकणाखाली पावसाळ्यात दिसणारी फिकट साय बहुधा बाष्पाची असते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर तेवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

गंज आणि क्षार

तपकिरी पाणी म्हणजे लोखंडाचा गंज. गंजाला प्राणवायू लागतो आणि बंद यंत्रणेतील पाण्यात विरघळलेला प्राणवायू लवकर संपतो. मग गंज वाढतच का जातो? कारण पाणी रोज थोडे कमी होते आणि रोज नवे ओतले जाते. क्षारांचेही तसेच. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील विहिरींचे व बोअरवेलचे पाणी बहुतांशी कठीण असते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता प्रतिलिटर २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली जाते आणि अन्य स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. समजा ती ३०० आहे आणि यंत्रणेत १० लिटर पाणी मावते. एकदा भरलेल्या पाण्यातून जास्तीत जास्त ३ ग्रॅम क्षार साचेल. पण रोज अर्धा लिटर पाणी ओतावे लागत असेल तर वर्षाकाठी सुमारे १८० लिटर पाणी आत जाते आणि क्षाराची कमाल मर्यादा ५४ ग्रॅमवर पोहोचते. ओतीव लोखंडाची उष्णतावाहकता क्षाराच्या थराच्या वीस पटींहून अधिक असते. म्हणून कागदाइतका थरही उष्णतेची वाट अडवितो.

पाणी कमी का होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पुष्कळदा दोष झाकणाचा असतो. झाकणाने ०.९ बार दाब राखला तर साधे पाणी सुमारे ११८ अंश सेल्सिअसला उकळते. स्प्रिंग सैल झाली की ते १०० अंशांनाच उकळून निघून जाते. घाटात बॉनेट उघडून, हातात बाटली घेऊन उभ्या असलेल्या कित्येक वाहनचालकांची खरी गरज नव्या झाकणाची असते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची आपल्याकडील पद्धतही अशीच. तीमुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि मूळ दोष झाकला जातो.

धातूंचे मिश्रण हाही एक मुद्दा आहे. अॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाची होती. प्रीमियर पद्मिनीत मात्र लोखंडी ब्लॉकवर अॅल्युमिनियमचे हेड आणि पुढे तांबे-पितळेचा रेडिएटर. क्षारयुक्त पाणी या तीन धातूंना जोडले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तीत सर्वप्रथम अॅल्युमिनियम झिजते.

प्रतिबंध

गळती, झाकण आणि होज पाइप यांची तपासणी झाल्यावरच यंत्रणा धुवावी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरबरोबर ब्लॉकचाही ड्रेन प्लग उघडावा. अन्यथा निम्मा गाळ आतच राहतो. गंज व क्षार यांसाठी लिंबूसत्त्वाचे सौम्य द्रावण पुरते, मात्र हेड अॅल्युमिनियमचे असल्यास ते अल्पकाळच ठेवून भरपूर पाण्याने धुवावे. तेलासाठी आम्लाचा उपयोग नाही. तेथे कमी फेसाची धुण्याची पावडर व गरम पाणी लागते. तेलाने फुगलेले रबरी होज बदलावेतच.

नवे मिश्रण करताना कूलंट व डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घ्यावे. कूलंटच्या रंगावर विसंबू नये. हिरवा, गुलाबी, नारिंगी हे केवळ उत्पादकाने मिसळलेले रंग असून त्यांना सर्वमान्य मानक नाही. भिन्न प्रकारची गंजरोधके एकत्र आल्यास जेलसारखा गाळ होऊ शकतो. डाख दिलेल्या तांबे-पितळेच्या रेडिएटरसाठी सिलिकेटयुक्त पारंपरिक कूलंट अधिक योग्य. ते दर २ वर्षांनी बदलावे, कारण गंजरोधके संपतात आणि ग्लायकॉलपासून आम्ले तयार होऊ लागतात. या प्रकारच्या ताज्या कूलंटचा सामू ९ ते ११ असतो. तो ७ च्या जवळ आल्याचे चाचणीपट्टीवर दिसल्यास मुदतीची वाट पाहू नये.

काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि तीव्र विषारी आहे. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असे साठवून ते टाकाऊ तेल स्वीकारणाऱ्या ठिकाणी विचारून द्यावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत तर ते कधीही भरू नये.