कमावलेले बळ, कोरलेले शरीर

व्यायामाने शरीर सुधारते याविषयी दुमत नसले, तरी ती सुधारणा कोणत्या मापाने मोजायची याविषयी दोन निराळ्या परंपरा आज शेजारी शेजारी नांदत आहेत. पहिल्या परंपरेत शरीराने किती वजन उचलले, किती वेळ दम टिकवला आणि समोरच्याचा जोर कसा परतवला हे पाहिले जाते, तर दुसरीत दंडाचा घेर, खांद्यांची रुंदी आणि पोटावर उमटलेल्या स्नायूंच्या रेषा यांना महत्त्व असते. परभणीपासून 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांचा संसार सोयाबीन, कापूस आणि हळदीच्या शेतीवर चालतो, जिल्ह्याच्या ठिकाणी राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे, आणि गावोगावचे तरुण शेतीतून बाहेर पडण्याची वाट म्हणून पोलीस व सैन्यभरतीकडे पाहतात. शेतातले काम, भरतीचे मैदान आणि जिममधला आरसा या तिन्हींच्या मागण्या एकमेकींशी जुळत नाहीत; म्हणूनच मेहनत सुरू करण्यापूर्वी ती कशासाठी करायची हे ठरवणे आवश्यक ठरते.

बळ म्हणजे स्नायूंनी निर्माण केलेला जोर, आणि तो स्नायूंच्या जाडीवर काही अंशी अवलंबून असतो हे खरेच आहे. स्नायू अतिसूक्ष्म तंतूंचा बनलेला असतो, आणि तंतूंची जाडी वाढली की त्यांची जोर लावण्याची क्षमताही वाढते. परंतु हे तंतू आपणहून आकुंचन पावत नाहीत. पाठीच्या कण्यातून निघालेली एकेक चेतापेशी तंतूंच्या एकेका गटाला आज्ञा देते, आणि चेतापेशी व तिच्या ताब्यातील तंतू मिळून एक प्रेरक एकक बनते. शरीर नेहमी लहान एककांपासून सुरुवात करते आणि मोठी, जोरकस एकके भार खरोखर जड झाल्यावर किंवा लहान एकके थकत आल्यावरच कामाला लावते. किती एकके एकाच वेळी कामाला लागतात, त्यांना आज्ञा किती वेगाने मिळतात आणि विरुद्ध बाजूचे स्नायू योग्य क्षणी सैल पडतात की नाही, यावर प्रत्यक्षातला जोर ठरतो. मोरितानी आणि डी व्ह्राईज या संशोधकांनी 1979 मध्ये दाखवून दिले, की व्यायाम सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः चेतासंस्थेच्या या सुधारणेमुळे वाढते आणि स्नायूंची जाडी त्यानंतर भरू लागते. नव्याने व्यायाम करणारा तरुण महिनाभरात अधिक जड वजने उचलू लागतो, तरी आरशात त्याला फारसा फरक दिसत नाही, याचे कारण हेच आहे.

या गोष्टीचा ठळक दाखला महाराष्ट्राच्या वेटलिफ्टिंगमध्ये सापडतो. सांगलीच्या संकेत सरगर याने 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्याने स्नॅच प्रकारात 113 किलो आणि क्लीन अँड जर्क प्रकारात 135 किलो, म्हणजे एकूण 248 किलो वजन डोक्यावर नेले होते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ अडीचपट भार हातांवर तोलणारा असा खेळाडू वजनगटाच्या मर्यादेमुळे स्नायू हवे तितके वाढवू शकत नाही. त्यामुळे त्याची सारी मेहनत आहे त्या स्नायूंकडून अधिकाधिक जोर काढण्यावर आणि तंत्रावर खर्च होते. खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेही 57 किलोच्या कुस्ती गटात.

दोन्ही उद्दिष्टांसाठी लोखंड तेच वापरले जात असले, तरी सरावाची मांडणी बदलते. एका वेळी फक्त एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाला आधार मानून बळासाठी त्याच्या सुमारे 85 टक्के किंवा अधिक भार घेतला जातो, एका फेरीत एक ते सहा आवर्तने केली जातात, आणि चेतासंस्था पूर्ववत व्हावी म्हणून दोन फेऱ्यांमध्ये तीन ते पाच मिनिटे विश्रांती घेतली जाते. स्नायूंचा आकार वाढवण्यासाठी मात्र मध्यम वजने, साधारण सहा ते बारा आवर्तने, अधिक फेऱ्या आणि कमी विश्रांती अशी पद्धत रूढ आहे. एवढेच नव्हे, तर हलक्या वजनानेही स्नायू पूर्ण थकेपर्यंत आवर्तने केली, तर आकार जवळपास तितकाच वाढतो असे अलीकडच्या अभ्यासांत आढळले आहे. कमाल जोर वाढवण्याच्या बाबतीत मात्र जड भाराला पर्याय नाही. व्यायामाची निवडही उद्दिष्टानुसार बदलते: बैठक, जमिनीवरून वजन उचलणे किंवा डोक्यावर वजन नेणे अशा हालचालींत अनेक सांधे व स्नायू एकत्र राबतात, तर आकारासाठी एकेक स्नायू वेगळा काढून त्यावर मेहनत घेतली जाते. व्यायाम होताच दंड फुगलेला दिसतो, ज्याला जिममध्ये पंप म्हणतात, तो स्नायूत तात्पुरते जमलेले रक्त व पाणी असून काही तासांत ओसरतो. त्याला प्रगतीचे माप मानता येत नाही.

शरीर केवळ पाहण्यासाठी घडवण्याची कल्पना तुलनेने नवी आहे. कोनिग्सबर्ग येथे 1867 साली जन्मलेला युजेन सँडो हा मुळात जड वस्तू उचलून दाखवणारा बलप्रदर्शक होता. परंतु प्रेक्षकांना त्याच्या कसरतींइतकेच त्याच्या स्नायूंचेही आकर्षण वाटते हे ध्यानात येताच त्याने शरीराच्या ठेवणीलाच प्रदर्शनाचा विषय केले. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 14 सप्टेंबर 1901 रोजी त्याने भरवलेली स्पर्धा ही शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा मानली जाते, आणि तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल यांचाही समावेश होता. पुढे महाराष्ट्रातही या कलेने मूळ धरले आणि ‘महाराष्ट्र श्री’, ‘भारत श्री’ या किताबांना प्रतिष्ठा लाभली.

महाराष्ट्रातील तालमीची परंपरा याहून जुनी असून तिचे माप कुस्तीच्या हौद्यातच लागते. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला पद्धतशीर रूप दिले. अमरावतीत 1914 मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांचे शिक्षण संस्थात्मक पातळीवर नेले आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. तालमीत जोर, बैठका, सपाट्या, मुद्गल व करेल फिरवणे, नाल उचलणे, दोरावर चढणे आणि शेवटी प्रत्यक्ष लढत असा क्रम असतो, आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक प्रकार पकड, कंबर, मान व दम यांना एकत्र कामाला लावतो. हौद्यातील तांबडी माती खोऱ्याने उकरणे हीसुद्धा मेहनतच समजली जाते. त्या मातीत तेल, ताक आणि लिंबू यांच्याबरोबर हळद मिसळण्याची रीत आहे, आणि भौगोलिक मानांकन लाभलेली वसमतची हळद पिकवणाऱ्या जिल्ह्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. तालमीतल्या पैलवानाच्या पोटावर रेषा दिसतीलच असे नाही. त्याच्या वस्तादाचे लक्ष मात्र पोराचा दम कितव्या मिनिटाला तुटतो याकडे असते.

भरतीच्या मैदानावरचे मापही याच जातीचे आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक या तीन बाबींसाठी एकूण 50 गुण असतात, तर राज्य राखीव पोलीस बलासाठी 5 किलोमीटर धावण्याला 50, आणि 100 मीटर धावणे व गोळाफेक यांना प्रत्येकी 25 गुण दिले जातात. छातीची मोजणीही होते. परंतु न फुगवता 79 सेंटीमीटर भरलेली छाती पुरेशी असते आणि तिच्यात श्वास भरल्यावर किमान 5 सेंटीमीटर वाढ व्हावी लागते. दंडाच्या घेराला या तक्त्यात एकही गुण नाही. केवळ आकारासाठी वाढवलेला अतिरिक्त भार 5 किलोमीटर वाहून न्यावा लागतो आणि तेवढा प्राणवायू अधिक खर्च होतो, त्यामुळे भरतीच्या उमेदवाराने छाती आणि दंडाच्या व्यायामात संध्याकाळ घालवून धावणे, मांड्या व कंबर यांकडे दुर्लक्ष करणे म्हणजे हातचे गुण सोडणे होय.

यावरून शेतमजुरी किंवा हमाली हाच उत्तम व्यायाम असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. हळदीचे कंद काढणे, शिजवणे, वाळवणे आणि पोत्यांत भरणे ही कामे करणाऱ्या किंवा मोंढ्यात पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाच्या अंगात, दिसायला तो किडकिडीत असला तरी, पकडीचे आणि कंबरेचे मोठे बळ असते, कारण शरीर ज्या कामाला रोज जुंपले जाते त्याच कामासाठी ते घडत जाते. परंतु व्यायामात भार हळूहळू वाढवला जातो, दोन्ही बाजूंवर सारखा ताण दिला जातो आणि त्यानंतर विश्रांती व पुरेसा आहार मिळतो, तर मजुरीत भार मालाच्या मापाने ठरतो आणि थकलेल्या अंगानेच दुसरा दिवस सुरू होतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सुचवली, ती याच झिजेचा विचार करून. जो तरुण दिवसभर रानात राबतो, त्याने संध्याकाळी अधिक थकण्याऐवजी आठवड्यातून दोन-तीन दिवस मोजका, जड आणि शिस्तबद्ध सराव करणे अधिक हिताचे असते.

शरीरसौष्ठव ही स्वतंत्र कला आणि कठोर शिस्तीचा खेळ आहे, आणि त्यातील खेळाडू दुबळे असतात हा समज निराधार आहे. तरीही रंगमंचावर दिसणारे शरीर हे बळाच्या शिखरावरचे शरीर नसते. त्वचेखालची चरबी अत्यल्प पातळीवर आणण्यासाठी कित्येक आठवडे आहार तोडलेला असतो, शेवटच्या दिवसांत पाणी आणि मिठाचेही गणित बदललेले असते, आणि त्या अवस्थेत खेळाडूची ताकद व प्रतिकारशक्ती घटलेली असते. काही दिवसांपुरते घडवलेले हे रूप छायाचित्रांतून वर्षभर फिरत राहते आणि पाहणाऱ्या तरुणाला ते नित्याचे व सहजसाध्य वाटू लागते. तेथूनच झटपट मार्गाचा मोह सुरू होतो. पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम रूपे असलेली अॅनाबॉलिक स्टेरॉईड्स स्नायू वाढवतात यात शंका नाही, पण ती बाहेरून मिळू लागताच शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती मंदावते, वृषणे आकसतात, रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढते आणि हृदयाची भिंत जाड होते. शस्त्रक्रियेदरम्यान उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असलेले मेफेंटरमाईन हे इंजेक्शनही उत्तेजक म्हणून वापरल्याचे प्रकार राज्यातील जिममध्ये उघड झाले आहेत. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावीत असा नियम आहे, आणि तो पाळला न जाणे हा केवळ कायद्याचा नव्हे, तर जिवाचा प्रश्न आहे.

खुराकासाठी मात्र फार खर्च करावा लागत नाही. सामान्य प्रौढाला दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने पुरतात, आणि जड व्यायाम करणाऱ्यालाही सुमारे 1.6 ग्रॅमपलीकडे स्नायूवाढीसाठी फारसा लाभ मिळत नाही. म्हणजे 60 किलोच्या तरुणाची गरज 96 ग्रॅमच्या आसपास थांबते. सोयाबीनमध्ये 36 ते 40 टक्के, तुरीच्या डाळीत सुमारे 22 टक्के आणि ज्वारीत सुमारे 10 टक्के प्रथिने असतात. दूध, अंडी, हरभरा व भुईमूग यांची जोड दिली तर ही गरज घरच्या ताटातून भागते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असल्याने ते नीट शिजवूनच खावे लागते. ज्या जिल्ह्याच्या शिवारातून सोयाबीनची पोती बाहेर जातात, तेथील तरुणाने पावडरच्या डब्यासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही.

बळाचा लाभ मैदानापुरता मर्यादित नसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले: उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होती. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरात स्नायू कमी व चरबी जास्त असू शकते आणि त्यातून मधुमेहाचा धोका वाढतो, हे यावरून लक्षात येते. भारतासह 17 देशांतील सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले, हाताच्या पकडीचे बळ 5 किलोने कमी असल्यास मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणूनच बळाचा व्यायाम केवळ तरुण पुरुषांसाठी नसून घरातील स्त्रिया आणि वृद्ध यांनाही वय व प्रकृती पाहून तो करणे गरजेचे आहे. आधाराशिवाय जमिनीवरून उठता येणे, हीही बळाचीच परीक्षा आहे.

तात्पर्य, स्नायूंचा डौल हा बळाच्या मेहनतीतून आपोआप मिळणारा लाभ असू शकतो, परंतु केवळ डौलासाठी केलेल्या मेहनतीतून पुरेसे बळ येईलच याची शाश्वती नाही. रंगमंचावर उतरण्याची तयारी करणाऱ्या मोजक्या खेळाडूंचा अपवाद सोडला, तर बाकीच्या तरुणांनी महिन्यातून एकदा उचललेले वजन, धावण्याची वेळ आणि फेकलेल्या गोळ्याचे अंतर वहीत नोंदवावे, आणि दंडाचे छायाचित्र काढण्यापूर्वी त्या वहीतील आकडे वाढले आहेत का हे तपासावे.