हनुवटीवरचे मोको आणि कपाळावरचे गोंदण

वेलिंग्टन : परदेशातील कार्यालयांत अंगावरच्या टॅटूबद्दल कोणी काही विचारत नाही, असा जो समज महाराष्ट्रात सरसकट आढळतो, तो न्यूझीलंडपुरता तरी दुरुस्त करून घ्यावा लागतो, कारण या देशात टॅटूला नोकरीच्या ठिकाणी जे स्थान मिळाले आहे, ते मोकळ्याढाकळ्या वृत्तीतून नव्हे, तर एका समाजाने पूर्वजांच्या खुणेसाठी दीर्घकाळ धरलेल्या आग्रहातून मिळाले आहे. येथील १९९३ च्या मानवी हक्क कायद्याने भेदभावाची जी कारणे निषिद्ध ठरवली, त्यांत वंश, वर्ण, धर्म, लिंग, वय, अपंगत्व ही येतात. टॅटू येत नाही. त्यामुळे मनगटावरच्या गुलाबाला आक्षेप घेऊन एखाद्या हॉटेलमालकाने उमेदवाराला परत पाठवले, तर कायदा सहसा त्या उमेदवाराच्या मदतीला येत नाही. मात्र माओरी, म्हणजे युरोपीयांच्या कित्येक शतके आधी या बेटांवर येऊन वसलेल्या आणि आज लोकसंख्येत सुमारे १८ टक्के असलेल्या समाजातील व्यक्तीला तिच्या अंगावरच्या ‘मोको’ या पारंपरिक गोंदणामुळे नोकरी नाकारली, तर तो वांशिक भेदभाव ठरू शकतो, अशी मानवी हक्क आयोगाची भूमिका आहे.

मोको पूर्वी ‘उही’ नावाच्या हाडाच्या छिनीने कोरले जाई, त्यामुळे त्वचेवर केवळ रंग न उतरता चर पडत. पुरुषाच्या संपूर्ण चेहऱ्यावरच्या मोकोला माताओरा आणि स्त्रीच्या ओठांवरच्या व हनुवटीवरच्या मोकोला मोको काउआए म्हणतात. त्यातील रेषांमधून ‘फाकापापा’, म्हणजे कूळ, टोळी आणि पूर्वजांची परंपरा व्यक्त होते, आणि ही ओळख इतकी पक्की मानली जाई की १८४० च्या वाइतांगी करारावर काही सरदारांनी सही म्हणून आपल्या मोकोतील रेषाच काढल्या. माओरी नसलेल्या माणसाने तशाच शैलीत गोंदवून घेतले, तर त्याला किरितुही म्हणतात आणि आयोग मोकोबद्दल जे बोलतो ते त्याला लागू होत नाही. हा भेद काहींना अन्यायकारक वाटतो. पण ज्या समाजाच्या पारंपरिक विद्येच्या जाणकारांवर १९०७ च्या कायद्याने बंधने आली आणि तो कायदा १९६२ पर्यंत रद्द झाला नाही, त्या समाजाने आपली खूण राखीव ठेवावी, यात अन्याय शोधणे कठीण आहे.

तरीही ही स्वीकृती सहजासहजी आली नाही. ज्या राष्ट्रीय विमान कंपनीच्या शेपटीवर ‘कोरू’ हे माओरी नक्षीतील वेटोळे अनेक दशके मिरवले जात होते, त्याच कंपनीने २०१३ मध्ये हातावर मोको असलेल्या एका माओरी तरुणीला हवाईसुंदरीच्या नोकरीसाठी नाकारले. विमानावर जे चिन्ह देशाची ओळख म्हणून चालते, ते त्या चिन्हाच्या खऱ्या वारसदाराच्या हातावर चालत नाही, ही गोष्ट अनेकांच्या जिव्हारी लागली. कंपनीने नियम बदलले ते २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, आणि तेव्हा मात्र माओरी व इतर असा भेद न करता, आक्षेपार्ह नसलेले सर्वच टॅटू उघडे ठेवण्याची मुभा दिली. त्याच वर्षी ओरिनी काइपारा या मोको काउआए असलेल्या पत्रकार दूरचित्रवाणीवर दुपारच्या बातम्या देऊ लागल्या आणि २०२१ च्या नाताळात सायंकाळच्या मुख्य बातमीपत्रात दिसल्या. त्यांच्या हनुवटीबद्दल वारंवार तक्रार करणाऱ्या एका प्रेक्षकाला त्यांनी जाहीरपणे आणि सभ्य शब्दांत उत्तर दिले, तेव्हा अनेक जण त्यांच्या बाजूने उभे राहिले. २०१६ मध्ये मोको काउआए धारण केलेल्या नानाइया माहुता २०२० मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ऑकलंडला आलेल्या भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांच्याशीच अधिकृत चर्चा केली.

ही चर्चा ज्या चेहऱ्याशी झाली, तशा चेहऱ्याला महाराष्ट्रात कोणत्या कार्यालयाच्या स्वागतकक्षात बसवले जाईल, हा प्रश्न येथे राहणाऱ्या मराठी माणसाला टाळता येत नाही. कपाळावर तुळस, हनुवटीवर ठिपका, हातावर विंचू किंवा नाव गोंदवलेल्या आज्या मराठी घरांना अनोळखी नाहीत. जत्रेत गोंदणारीण काजळी सुईने त्वचेत उतरवी, आणि मेल्यावर सोबत येते ते केवळ गोंदण, अशी बायकांची श्रद्धा असे. त्याच आजीच्या नातीने कपाळावरचा हिरवा ठिपका मुलाखतीच्या आधी लेसरने काढून घ्यावा, आणि तिच्याच वयाच्या शहरी मुलाने दंडावर राजमुद्रा किंवा इंग्रजी ओळ गोंदवून हिंजवडीच्या कार्यालयात निःशंकपणे वावरावे, हा विरोधाभास शाईचा नाही. तो जात, गाव आणि बाईपण यांच्याकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे. न्यूझीलंडमध्ये वारशाच्या खुणेला आधी मान मिळाला आणि हौसेच्या टॅटूला त्याच्या मागून वाट मिळाली. महाराष्ट्रात हौसेला वाट मिळाली आहे आणि वारसा अद्याप दाराबाहेर आहे.

भारतीय नियमांना हा विचार सर्वस्वी परका आहे, असेही म्हणता येत नाही, आणि म्हणूनच चीड अधिक येते. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूवरचे आणि तळहाताच्या मागच्या बाजूवरचे गोंदण चालते, तर आदिवासी उमेदवारांना जमातीच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर वा अंगावर असलेल्या गोंदणाबाबत प्रत्येक प्रकरण पाहून सूट दिली जाते. म्हणजे मूळ तत्त्व मान्य आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा नियम त्याहून कडक असून, धार्मिक चिन्ह किंवा नाव डाव्या, म्हणजे सलामी न देणाऱ्या हातावरच चालते. उजव्या हातावरच्या अशाच टॅटूमुळे अपात्र ठरलेल्या एका मराठी तरुणाला २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा कोठे त्याला न्याय मिळाला. जे तत्त्व सैन्याला पटते, ते बँकेच्या शाखेला, शाळेला, रुग्णालयाला आणि दुकानाला का पटू नये, याचे उत्तर कोणी मागितलेले दिसत नाही, कारण ज्यांच्या कपाळावर गोंदण आहे त्यांना असा प्रश्न विचारण्याची सवयच लागू दिलेली नाही.

न्यूझीलंडमध्येही एके काळी हीच स्थिती होती. इतिहासकार मायकेल किंग यांनी १९७२ मध्ये मोकोवरचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यासाठी मार्टी फ्रीडलँडर यांनी छायाचित्रे काढली, तेव्हा मोको काउआए प्रामुख्याने वृद्ध स्त्रियांच्याच चेहऱ्यांवर उरले होते आणि ते त्यांच्यासोबत संपेल असे वाटत होते. पुढच्या काही दशकांत माओरी भाषेला राजभाषेचा दर्जा मिळवून देणाऱ्या चळवळीच्या जोडीने मोकोही परत आले. महाराष्ट्रात मेळघाटापासून नंदुरबारपर्यंत आणि पश्चिमेकडच्या खेड्यांतही गोंदण धारण केलेली अखेरची पिढी अजून हयात आहे. त्या बायकांची गोंदणे, ती कोणी काढली, कोणत्या वयात काढली आणि त्यांचा अर्थ काय, ही माहिती त्यांच्याच तोंडून नोंदवून घेण्याचे काम मराठी विद्यापीठांनी आणि ग्रामपंचायतींनी याच दशकात हाती घेतले पाहिजे, कारण पुढच्या दशकात ती सांगणारे कोणी उरणार नाही.