रियाधच्या उन्हात कूलंट

रियाधमधल्या अल मलाझसारख्या भागात उन्हाळ्यात पारा सहज ४३ अंशांवर जातो. जिथे पाणी गोठण्याची भीती जवळजवळ नाहीच, तिथे रेडिएटरमध्ये ‘अँटीफ्रीझ’ कशाला? नुसतं पाणी का नको?

खरं तर उष्णता वाहून नेण्यात पाणी अँटीफ्रीझमधल्या ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. पण ते १०० अंशांना उकळतं आणि धातूला गंजवतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल घेतलं, तर उत्कलनबिंदू १०७ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबामुळे तो आणखी वाढतो. गंज रोखण्याचं काम या मिश्रणातल्या, म्हणजे कूलंटमधल्या, रसायनांचं. ती हळूहळू संपतात, म्हणूनच कूलंट बदलावं लागतं. जुन्या सिलिकेट प्रकारात साधारण दोन वर्षांनी, सेंद्रिय आम्लाच्या प्रकारात पाच वर्षांनी.

रंगावर मात्र विसंबू नका. हिरवा, गुलाबी, निळा यांना सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकारच घ्या, दोन प्रकार मिसळू नका. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात, त्यामुळे डिस्टिल्ड पाणीच वापरा.

इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नका. नवं कूलंट भरल्यावर अडकलेली हवा काढा आणि इंजिन थंड झालं की पातळी पुन्हा तपासा. काढलेलं कूलंट गोडसर पण विषारी असतं. मुलांच्या आणि मांजरांच्या वाटेत ठेवू नका, गटारात ओतू नका. गॅरेजमध्ये जमा करा.