तुमचं मैदान नकाशात आहे का?

दोस्तांनो, तुम्ही रोज जिथं क्रिकेट खेळता, ते मैदान आणखी दहा वर्षांनी तिथंच असेल कशावरून? गेटवर पाटी आहे म्हणून? छे! खरं उत्तर असतं महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या एका नकाशात. त्याचं नाव विकास आराखडा. मोठी माणसं त्याला ‘डी.पी.’ म्हणतात.

घरं कुठं बांधायची, कारखाने कुठं, रस्ता किती रुंद, हे सगळं त्यात ठरतं. बाग, शाळा, दवाखाना यांच्यासाठी जागा राखून ठेवतात, त्याला म्हणायचं आरक्षण. हा आराखडा साधारण २० वर्षांसाठी असतो. म्हणजे आज दहा वर्षांचा असलेला मुलगा तिशीचा होईपर्यंत!

मग साहेब मंडळींनी तो परस्पर ठरवून टाकायचा? नाही. महाराष्ट्रात १९६६ सालचा नगररचनेचा कायदा सांगतो, की आधी कच्चा आराखडा लोकांपुढं ठेवायचा आणि ‘हरकती व सूचना’ मागवायच्या. मुदतीत लेखी हरकत आली, की तिची सुनावणी होते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जाणकार लोकांचं म्हणणं ऐकतात. हरकत कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. कायद्यात वयाची अट घातलेली नाही!

एका कागदानं काय होणार, असं वाटतं ना? मुंबईचंच बघा. २०१५ च्या फेब्रुवारीत तिथला कच्चा आराखडा जाहीर झाला. लोक नकाशे घेऊन आपापल्या गल्लीत हिंडले, तर काय! कुठं उभ्या इमारतीतून रस्ता काढलेला, कुठं जुनी वारसा-वास्तू गायबच. आरे कॉलनीची हिरवी जागाही बांधकामाला खुली करायचा बेत होता. ५० हजारांहून जास्त हरकती आल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी आराखडा दुरुस्त करायला सांगितलं. मे २०१६ मध्ये नवा मसुदा आला, त्यावर पुन्हा हरकती झाल्या, आणि २०१८ मध्ये आराखडा लागू झाला.

पण दर वेळी जिंकता येतंच असं नाही बरं का. आरेतच मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला हजारो लोकांनी लेखी विरोध केला होता. तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथली दोन हजारांहून जास्त झाडं पडली. शहराला मेट्रो हवी, झाडंही हवीत. अशा वेळी निवड सोपी नसते. म्हणूनच ती बंद दाराआड होऊ नये.

खेड्यात राहणाऱ्या मित्रांनो, तुमच्याकडं ग्रामसभा असते. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक गावकरी तिचा सभासद. तलाव, गायरान, कचरा, सगळे प्रश्न तिथं मांडता येतात. पण आईबाबा, आजीआजोबा गेलेच नाहीत, तर मांडणार कोण?

तेव्हा या रविवारी एक काम करा. बाबांना किंवा ताईला बरोबर घ्या, आपल्या गावाचा आराखडा मिळवा आणि त्यात आपलं मैदान शोधा. चूक सापडली तर नुसती कुरकुर नको. कुठली जागा, काय चुकलंय आणि काय हवंय, हे तीन मुद्दे स्वच्छ अक्षरात लिहा. आराखडा कच्चा असेल, तर मुदतीच्या आत द्या. पक्का झाला असेल, तर आपल्या नगरसेवकांना द्या. आणि हो, पोच घ्यायला विसरू नका!